शेपटुलीची माती

१२ जुलै

भिंगरे,

मोठ्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. मी लिहिणार नाही. आशीर्वाद द्यायला मन निवळलेलं लागतं, आणि माझं अजून निवळलेलं नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस की मी तुझ्याशी, हेही आता मला नीट आठवत नाही. फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस. कागद तुला ठेवून देता येईल, पण तोपर्यंत तू तो वाचलेला असशील.

आई बरी आहे. काचबिंदूनं दुसरा डोळाही नेला, हे तुला मावशीनं कळवलंच असेल. आता तिला फक्त उजेड आहे की नाही एवढं कळतं. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, रेडिओवर बातम्या ऐकते आणि बातम्या देणाऱ्यांना उलट उत्तरं देते. जीभ शाबूत आहे. काल मला म्हणाली, "तुझ्या चपलांचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा येतो, पाय उचलून चाल." मी पन्नाशीला आले हे तिच्या गावीच नाही.

आम्ही अजून बागेच्या मागच्या बाजूच्या त्याच दोन खोल्यांत आहोत. तुझी खाट काढली. तिथे आता आईचं पाण्याचं टेबल आणि औषधं असतात. वनस्पती उद्यान मात्र तुला ओळखू येणार नाही. जुनं काचघर पाडलं. नवीन बांधलंय, पंखे आपोआप फिरतात, पाणी आपोआप पडतं. आमचे संचालक (ज्यांना मी मनातल्या मनात इस्त्रीसाहेब म्हणते, कारण त्यांच्या शर्टाला आणि चेहऱ्याला एकच इस्त्री असते) पाहुणे आले की आधी तेच दाखवतात.

झाडं ठीक आहेत.

एक छोटं काम होतं. तू जाताना शेपटुलीची जी कुंडी नेलीस, न विचारता नेलीस, तिच्यातली माती अजून आहे का? झाडाचं विचारत नाही, मातीचं विचारते. आमच्याकडच्या नोंदी पूर्ण करायच्या आहेत, म्हणून. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

ताई

८ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं कार्ड मिळालं. "आहे. नोंद कसली? ताई, तुला खोटं बोलता येत नाही." इतक्या वर्षांनी दहा शब्दसुद्धा लिहिले नाहीस, आणि त्यातही मला बोल लावलास. बरं. खोटं येत नाही तर खरं सांगते.

शेपटुल्या मरतायत.

तुला आठवण करून द्यायला नको, पण एकदा कागदावर लिहायचंच आहे, म्हणजे मलाही नीट दिसेल. ज्या टेकडीवर आईला ही झाडं सापडली, ती खाणीत गेली. दुसरीकडे कुठे कुणाला दिसलेली नाहीत. फुलाला मागे लांब पांढरी शेपटी असते म्हणून आईनं शेपटुली नाव ठेवलं, आणि शास्त्रीय नाव आपण दोघींनी परीक्षेपुरतं पाठ केलं. जगात उरलेल्या शेपटुल्या म्हणजे आमच्या काचघरातल्या. आणि तू नेलेली एक कुंडी.

दोन वर्षांपूर्वी बागेत मुळं कुजण्याचा रोग आला. नेच्यांची एक अख्खी रांग गेली. नवीन घरात जाताना काहीही जुनं न्यायचं नाही असं ठरलं. पानं वाळून झाडं झोपलेली होती, जमिनीखाली फक्त कंद. आम्ही सगळे कंद उकरून काढले, ब्रशनं घासून धुतले, औषधात बुडवले. नवीन माती वाफेवर तापवली. जुनी माती ट्रकनं गेली, कुठल्याशा रस्त्याच्या भरावात. मला इतकं समाधान वाटलं होतं त्या दिवशी. काळ्या नव्या कुंड्या, एकेकीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, कुठे कचऱ्याचा कण नाही. हॉस्पिटलसारखं.

पहिल्या वर्षी पानं चांगली आली. कंदात साठवलेलं होतं ते खाऊन आली, हे मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी पानं बोटभर. यंदा निम्म्या कुंड्यांतून काही वर आलंच नाही. मी एक कंद उकरला तर तो वाटाण्याएवढा. मूळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पेशींच्या आत बुरशीच्या धाग्यांची गुंडाळी दिसायला हवी होती, लोकरीच्या गुंड्यासारखी. पेशी स्वच्छ होत्या. इतक्या स्वच्छ पेशी मी कधी पाहिल्या नव्हत्या.

तुला हे सांगणं म्हणजे तुझाच विषय तुला शिकवणं आहे. बुरशी कंदात राहत नाही. दर वर्षी नवीन मुळं फुटली की ती मातीतून मुळात शिरते आणि झाडाला भरवते. कंद धुतला, माती वाफवली, की झाडाला भरवणारं कुणी उरत नाही. काचघर आईच्या हाती होतं तेव्हा ती जुनी माती कधी टाकायची नाही. नव्या कुंडीत जुनी मूठभर घालायची आणि म्हणायची, हे विरजण आहे. आपण हसायचो. मला वाटायचं ती कंजूषपणा करते.

सही माझी होती. समितीत सगळे होते, पण कागदावर सही माझी.

तेव्हा नाक मुठीत धरून मागते. तुझ्या कुंडीतली मूठभर माती पाठव. एवढी पाठव की चार कुंड्यांत घालता येईल. मी आईला काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

ताई

२९ ऑगस्ट

भिंगरे,

तू लिहिलेलं सगळं मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, दुसऱ्यांदा बसून.

म्हणजे तुझ्याकडची झाडं पहिल्याच थंडीत गेली. बरं केलंस सांगितलंस. आणि तरी तू ती कुंडी टाकली नाहीस. कुजलेली पानं घालत राहिलीस, पाणी देत राहिलीस, रिकाम्या कुंडीला. आणि बुरशी जिवंत आहे. तू ती बशीत वाढवून पाहिलीस, म्हणजे तुझी खात्री आहे. अळंब्यांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला एवढं येणारच, हे मी कौतुकानं लिहीत नाहीये. बरं, थोडं कौतुकानं लिहितेय.

पण माती पाठवता येत नाही म्हणतेस. जिवंत बुरशीही नाही. मी इकडे विचारलं, तुझं खरं आहे. देशाच्या सीमेपलीकडून माती आणायच्या परवानगीला वर्ष लागतं, तेही मिळाली तर. वाटाण्याएवढे कंद वर्षभर वाट पाहणार नाहीत. आणि मग तू लिहितेस, "तू बी पाठव. बी यायला बंदी नाही. मी इथे रुजवते."

वा. म्हणजे बागेतून पुन्हा बाहेर. एकदा कुंडी गेली, आता बी द्यायचं.

मी सांगते मला राग कशाचा आला. शेपटुलीला बुरशी लागते. तिचं बी धुळीसारखं, त्यात दाण्याएवढंही खाणं नाही, बुरशी आत शिरून भरवत नाही तोवर ते रुजतच नाही. पण बुरशीला शेपटुलीची काही पडलेली नाही. ती कुजलेल्या पानांवर मजेत जगते. तू ते सहज लिहून टाकलंस, "तिचं झाडावाचून काही अडत नाही." मी ते वाचलं आणि मला वाटलं, हे तू बुरशीबद्दल लिहिलेलं नाहीस. तू मजेत आहेस. तुझं तिकडे घर आहे, नोकरी आहे, आमच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते आमचंच. मी इथे आईला आंघोळ घालते, तिचे थेंब घालते, तिच्यासाठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते, आणि दर काही दिवसांनी ती विचारते, "धाकटीचं काय चाललंय?" माझं काय चाललंय हे ती कधी विचारत नाही. मी समोरच असते ना.

हे लिहिलं आणि खोडणार होते. राहू दे.

आईचं सांगते. तिला रोज संध्याकाळी शेपटुलीचं एक पान हातात लागतं. पूर्वी मी खरं आणायची. आता ज्या कुंड्यांत पानं उरलीत ती तोडायची माझी हिंमत नाही. गेले काही दिवस मी दुसऱ्याच एका झाडाचं पान नेते, आकार तसाच, शिराही उभ्या. ती बोटांत धरते, अंगठा फिरवते, म्हणते "छान." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण ती "छान" म्हणते, म्हणजे चाललंय.

एक झाड फुललंय. एकच. मी आगपेटीच्या काडीनं त्याचं त्याच्याशीच लग्न लावलं. पराग पोचवणारा आपला तो लांब सोंडेचा पतंग टेकडीबरोबरच गेला, तेव्हापासून भटजी आपणच. धरलं तर बोंड येईल. पण ते बागेचं आहे, हे लक्षात ठेव.

ताई

६ सप्टेंबर

भिंगरे,

हे पत्र मी रागात लिहितेय आणि रागातच टाकणार आहे, निवळायची वाट पाहणार नाही.

परवा संध्याकाळी आई म्हणाली, मला काचघरात ने. मी सांगितलं दमशील, तिथे उतार आहे, चाकाची खुर्ची अडते. ती म्हणाली, "मग उचलून ने." नेलं. संध्याकाळीच शेपटुली वास सोडते, हे तिला कोण सांगणार. आत गेल्यावर तिनं मान वर केली आणि वास घेतला. पंख्यांचा आवाज होता. मग म्हणाली, "एकच आहे ना?"

मी म्हटलं, काय एकच?

"फूल. एकच झाड फुललंय. पूर्वी दारातून आत आलं की डोकं दुखायचं वासानं. आणि ते पान कुणाचं आणत होतीस? शेपटुलीचं पान खालून मऊ असतं. मी म्हटलं, पोरगी एवढी धडपड करतेय, म्हणावं आपण छान."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. वाफ, औषध, ट्रक, सही. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. फक्त म्हणाली, "धाकटीकडे माती आहे का अजून?"

मी म्हटलं, आहे, तिनं चोरून नेली म्हणून आहे.

तेव्हा ती म्हणाली, "चोरून कशाला नेईल? मी दिली."

भिंगरे, मी तिला तीनदा विचारलं. तिनं दिली. तू निघालीस त्या सकाळी, मी बाजारात गेले होते तेव्हा, तिनं स्वतः ती कुंडी कापडात बांधून तुझ्या पिशवीत ठेवली. "झाड तुझ्याकडे, माती तिच्याकडे," असं म्हणाली. "एका जागी सगळं ठेवू नये एवढं मला कळत होतं. ती बुरशी शिकलेली आहे, ती माती जपेल."

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

तर म्हणाली, "तू नियमाची. बागेतलं पान बाहेर जायचं नाही म्हणजे नाही. तू माझ्याविरुद्धसुद्धा लिहून दिलं असतंस."

दिलं असतं का? आजही माहीत नाही. माझी स्वतःची आई मला घाबरत होती. ज्या बाईला मी नखं कापून देते, ती मला घाबरत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पण तू! तुला काय झालं होतं तोंड उघडायला? मी तुला फोनवर चोर म्हटलं. मावशीसमोर म्हटलं. तुझ्या लग्नाला आले नाही. एवढी वर्षं तू मूग गिळून बसलीस. आईला वाचवत होतीस? की मला असंच चुकू द्यायचं होतं, म्हणजे तुला तिकडे निवांत राहता येईल, इकडे यायची गरजच नको? असं असेल तर तसं लिही. तुला माफ करायला मी तयार नाही आणि तुझी माफी मागायलाही आत्ता तयार नाही. आत्ता मला फक्त राग येतोय, तुझा, तिचा, आणि त्या स्वच्छ कुंड्यांचा.

ताई

३० सप्टेंबर

भिंगरे,

तुझं लांबलचक पत्र आलं. एवढं लांब लिहिता येतं तुला, हे माहीत नव्हतं.

"आईनं शपथ घातली होती, आणि तू फोनवर चोर म्हणालीस तेव्हा मला शपथ मोडावीशी वाटली, पण मग वाटलं, ताईला तिथे एक आईच आहे, तिच्याशीही बिनसलं तर ताई कुणाशी बोलेल?" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटत होतं तू आम्हाला सोडून मजेत आहेस. आणि तू तिकडे बसून माझं आईशी बिनसू नये म्हणून चोर होऊन राहिलीस. याला काय म्हणायचं मला सुचत नाही. वेडी म्हणते, दुसरा शब्द नाही.

बोंड धरलंय. करंगळीच्या पेराएवढं, हिरवं. मी त्याला जाळीची टोपी घातली आहे. मी घरी जाते तेव्हा आई विचारते, "कसं आहे?" मी खरं सांगते आता. सगळं खरं सांगते, अगदी डाळ करपली तरी.

इस्त्रीसाहेबांकडे गेले होते. सगळं मांडलं. ते म्हणाले, "बागेतलं एकमेव बी बाहेर? आपण त्याला आपल्या प्रयोगशाळेत जपू. थंड ठेवू." मी म्हटलं, साहेब, थंड ठेवलं तर ते थंड राहील. रुजणार नाही. रुजवणारं तिकडे आहे. ते म्हणाले, "मग अर्धं पाठवा. अर्धं इथे राहू दे. निदान आपल्याकडे आहे असं म्हणता येईल." मग म्हणाले, "नाहीतर तुम्ही विभागप्रमुख आहात, तुम्हीच ठरवा. पण सही तुमची, आणि उत्तरही तुम्हीच द्यायचं." त्यांच्या शर्टाला एक सुरकुती नव्हती.

अर्धं इथे ठेवायचं, हे मलाही आधी बरोबरच वाटलं होतं. खरंच सांगते. घरी येताना मी तेच ठरवत होते, कुठल्या कपाटात ठेवू. आणि मग वाटलं, हे मी कुणासाठी ठेवतेय? बी आहे तोवर शेपटुली आमच्याकडे आहे असं म्हणायला. म्हणायला फक्त. तुझ्याकडचं अर्धं कुजलं, किंवा तुझा अंदाज चुकला, तर तुला पुन्हा पेरायला ते अर्धं लागेल, आणि ते इकडे कपाटात बसलेलं असेल.

अजून ठरवलेलं नाही. बोंड पिकायचंय.

ताई

२१ ऑक्टोबर

भिंगरे,

या पाकिटात आतलं दुसरं पाकीट आहे ते टेबलावर उघडू नकोस, शिंकूही नकोस. बी म्हणजे पीठही नाही, पिठाची सावली आहे. बोंड परवा तडकायला लागलं तेव्हा मी श्वास धरून कागदावर झाडलं. वरचं सरकारी पत्र तुझ्या तिकडच्या तपासनीसाला दाखव, सही माझी आहे.

सगळं पाठवलंय. बोंडात एक कणही ठेवलेला नाही, कागद झटकून पाहिला. अर्ध्याचा विचार मी शेवटपर्यंत करत होते, अगदी पाकीट चिकटवेपर्यंत. मग आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारतेस? तुझं बी आहे." पहिल्यांदाच ती असं म्हणाली. मी सगळं दिलं.

इथल्या कुंड्यांची आशा ठेवू नकोस. आणखी दोन कंद मऊ पडलेत. जे झाड फुललं होतं त्यानं सगळा जीव बोंडात घातला, त्याचा नवीन कंद मला सापडलाच नाही. पुढच्या वर्षी काचघरात शेपटुली नसेल. पंखे फिरतील, पाणी पडेल, चिठ्ठ्या असतील. आईला मी हे सांगितलं आहे. ती रडली. मी तिच्याजवळ बसले आणि मीही रडले, मग तिनं माझ्या चपलांचा विषय काढला.

मला एक वाईट वाटतंय, ते लिहूनच टाकते, म्हणजे मनात सडणार नाही. मी राहिले, तू गेलीस, आणि आईची झाडं तुझ्याकडे वाढणार. मी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली आणि जपता जपताच मारली. हे बरोबर नाही असं मला वाटतं, आणि याला इलाज नाही हेही कळतं. तुझा हेवा वाटतो. आणि तू आहेस म्हणून बरं वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, ते कसं ते मला विचारू नकोस.

रुजायला किती महिने लागतील ते तुला माहीत, मला नाही. पहिल्यांदा नुसते पांढरे ठिपके येतात म्हणे, पानं नंतर कधीतरी. पांढरा ठिपका दिसला की संध्याकाळी फोन कर, तेव्हा आई जागी असते. माझ्याशी बोलावं लागणार नाही, मी उचलून फोन आईच्या कानाला लावीन, तू तिलाच सांग.

आणि नाही रुजलं, तर मलाच फोन कर. मी आवाज चढवणार नाही.

ताई